पुरानंतर रोज उरणारा भात

॥ श्री जिनाय नमः ॥

मी, तात्यासाहेब नेमगोंडा कासार, वय एकोणऐंशी, धंदा भांड्यांवर नावे घालणे, राहणार अजबखाना गल्ली, कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने व माझ्या मर्जीने लिहून ठेवतो ऐसाजे. बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांकडून घेतला असून तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत उतरलो, तेव्हा तेच म्हणाले, "बास." अक्षर हलले आहे ते वयामुळे. कुणाचा दाब नाही, कुणाची भीड नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे सांगत कुणी आला तर तो थापा मारतो आहे असे समजावे.

कलम १. माझी माणसे.

पत्नी सौ. त्रिशला सन २०२२ मध्ये पर्युषण संपल्यावर चौथ्या दिवशी गेली. मुलगा पारस राजारामपुरीत गणिताचा क्लास चालवतो. सून रूपाली, नात रुचिता, नातू अनेकांत. चौघांशी माझे भांडण नाही. पारसशी थोडे आहे, पण ते टीव्हीच्या आवाजावरून आहे. त्यासाठी कलम लागत नाही.

कलम २. राहते घर.

दोन मजली, विटांचे, वरच्या मजल्यावर पत्रा. चतुःसीमा येणेप्रमाणे. उत्तरेस नृसिंह गुरुजींचे घर. पश्चिमेस बोळ. दक्षिणेस हॉटेल, ज्याच्या पंख्यातून निघणारा तांबड्या रश्श्याचा वास बारा वर्षे आमच्या शाकाहारी घरात शिरतो आहे. पूर्वेस सार्वजनिक रस्ता, त्यापलीकडे वस्तुसंग्रहालय.

सरकारी कागदात 'रस्ता' एवढेच लिहितात. मी थोडे जास्त लिहितो, कारण माझ्यानंतर ते सांगणारा कुणी उरणार नाही.

या रस्त्याला आधी घागर गल्ली म्हणत. बावीस घरे तांब्यापितळेची भांडी ठोकायची. समोर संस्थानची पागा होती. पागेतल्या घोड्यांना ठोक्यांची सवय झाली होती. बाहेरगावचे घोडे आले की मात्र बिथरायचे, असे माझे वडील सांगत. मी चार-पाच वर्षांचा असताना पागा गेली आणि तिथे वस्तुसंग्रहालय आले. लोकांनी त्याला अजबखाना म्हटले आणि गल्लीचेही नाव बदलले. कुणी ठराव केला नाही. टांगेवाल्यांनी केले.

मग ठोक्यांनी काचेची कपाटे थरथरू लागली. पहिले अधिकारी भले गृहस्थ होते. घरोघरी फिरून हात जोडून म्हणाले, अकरा ते पाच ठोकू नका. अकरा ते पाच ठोकायचे नाही तर मग करायचे काय? पाच-सहा वर्षांत निम्मी घरे उठली. पुढे अजबखान्याने याच गल्लीतला एक हातोडा आणि एक ऐरण काचेत ठेवली आणि खाली लिहिले, 'लोप पावलेला व्यवसाय'. हातोडा आकाराम तांबटाचा होता. आकाराम तेव्हा धडधाकट होता. तिकीट काढून बघून आला आणि चौकात उभा राहून म्हणाला, "हातोडा आत घेतला, आणि मला भाईर ठेवलं की रं!" गल्ली तीन दिवस हसत होती. आकाराम पुढल्या वर्षी गेला.

ठोकणारे गेले, विकणारे आले. भांड्यांची नऊ दुकाने झाली. चौदाव्या वर्षी मी आमच्या पायरीवर छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन बसलो. लग्नात आलेल्या भांड्यावर नाव हवेच. कार्याला भांडी घरोघरची गोळा होतात, आणि नाव असले तरच आपापल्या घरी परत जातात. कुणाच्या मामाने काय दिले, कुणाच्या आत्याने हात आखडता घेतला, कुणाची लेक माहेरी परत आली, सगळे मला बुडावरून कळत असे. आता तांब्याच्या बाटलीवर इंग्रजीत नाव घालून मागतात. तेही घालतो. चहाटपऱ्या, चपलांची दुकाने, सहलीच्या बसगाड्या, 'येथे वाहन लावू नये' अशा अकरा पाट्या आणि त्यांच्याखाली लावलेली वाहने, अशी सध्याची गल्ली आहे.

घर पारस व रूपाली यांना समाईक. अट एकच. हॉटेलवाल्यास देऊ नये. त्याने तीन वेळा विचारले आहे. चौथ्यांदा माझ्या तेराव्याला विचारील. आपल्यात तेरावे नसते हे त्याला एवढ्या वर्षांत कळलेले नाही.

कलम ३. बँकेतील ठेव.

रुचिता व अनेकांत यांना निम्मी निम्मी. अनेकांतने त्यातून मोटारसायकल घेऊ नये. घेईलच.

कलम ४. हत्यारे.

नाव घालायचे विजेचे मशीन, तीन सुया, वडिलांची छिन्नी-हातोडी, भिंगाचा चष्मा, हे सर्व रुचितास. ती आर्किटेक्ट आहे, तिला याचा उपयोग नाही हे मला कळते. पण घरात हात स्थिर तिचाच आहे. तिला एक काम करायचे आहे, ते पुढे येईल.

कलम ५. घरातील भांडी.

हे कलम लांब होईल. मृत्युपत्र करायला बसलो ते याच्यासाठीच.

आमच्या घरातल्या एकाही भांड्यावर नाव नाही. गल्लीतल्या प्रत्येक वाटीवर आहे, आमच्या घागरीवरही नाही. त्रिशला एकावन्न वर्षे म्हणत होती, "गावाची नावं घालताय, घरच्या भांड्यावर एक अक्षर न्हाय." मी म्हणायचो, आपल्या घरचं कुठं जातंय?

आता अजबखाना ज्या वस्तूमुळे नावाजला ती सांगतो. दुष्काळी मापटे. पितळी, अर्ध्या शेराचे. संस्थानात दुष्काळ पडला तेव्हा धान्य वाटायला जी मापे केली त्यांतले हे एकच उरले. बाजारच्या मापट्यापेक्षा ते मुद्दाम मोठे घडवले होते. मोजणाऱ्याने हात मारला तरी घेणाऱ्याच्या पदरात पुरे पडावे, म्हणून. शाळांच्या सहली तेच बघायला येतात. त्या मापट्याच्या नमुन्यावरून सत्तरच्या सुमारास गल्लीत शेकड्यांनी मापटी निघाली, दिसायला तशीच, मापाला बाजारचीच. लग्नात द्यायची टूमच निघाली. गल्लीतल्या प्रत्येक घरात एक आले. त्रिशलालाही तिच्या मलकापूरच्या मामांनी दिले. सगळ्यांच्या बुडावर नावे मी घातली. आमच्या घरचे तेवढे राहिले.

दिनांक ६ ऑगस्ट २०१९, मंगळवार, पुराचे पाणी गल्लीत शिरले. अजबखान्याचे साहेब परगावी अडकले होते. पहारेकरी पिराजी ज्ञानू पोवार याने कुणाच्या हुकमाची वाट न बघता कुलूप काढले आणि रस्त्यात उभा राहून ओरडला, "बायाबापड्यांनो, हात लावा! समदं पाण्यात चाललंय!" अख्खी गल्ली धावली. तलवारी नृसिंह गुरुजींच्या माळ्यावर गेल्या, चित्रे वरच्या चौकातल्या डॉक्टरांकडे. तांब्यापितळेचे एक्केचाळीस नग माझ्या वरच्या मजल्यावर आले. यादी मी लिहिली. त्याच वेळी रूपाली आणि त्रिशला खालचे स्वयंपाकघर वर आणत होत्या. एकाच सतरंजीवर सगळे टेकवले. चिखलात सगळ्या भांड्यांचा रंग एकच.

पाणी उतरल्यावर मी यादी वाचत गेलो आणि एकेक नग पिराजीच्या हातात देत गेलो. 'मापटे, पितळी, एक.' जे पुढे होते ते उचलून दिले. खूण केली. एक्केचाळीस पुरे भरले. साहेबांनी माझा सत्कार केला, शाल दिली. ती शाल अनेकांतने घ्यावी, थंडीत बरी आहे.

पुढल्या वर्षी तपासणी झाली. जुन्या नोंदीपेक्षा मापटे अठरा तोळे कमी भरले. पितळ ओळखणारा गल्लीत मीच, म्हणून मला बोलावले. मी भिंग लावले. काठ यंत्रावर वळवलेला. सांधा अलीकडचा. मिनिटभरात सांगितले, हे ते नव्हे. एवढ्यावर थांबलो असतो तर निम्मे पाप टळले असते. त्यांनी विचारले, गल्लीतल्या एखाद्या घरचे चुकून आले असेल का? मी म्हणालो, अशक्य. गल्लीत बिननावाचे मापटे एकाही घरात नाही, कारण नावे घालणारा मी आहे. आणि कुणी न विचारता पुढे लिहून दिले की अदलाबदल 'जाणूनबुजून' झालेली दिसते. खाली सही केली.

त्या एका शब्दामागे काय होते तेही लिहितो. सन १९९८ मध्ये त्रिशलाचे माहेरचे लोक आले होते. त्यांना अजबखाना दाखवायला मी ऐटीत निघालो. दारात पिराजी उभा. म्हणाला, "पावणं, तिकीट काढा." मला, पावणं! या गल्लीत जन्मलेल्या माणसाला, मेव्हण्यासमोर! पिराजी तेव्हा नवा होता, मला ओळखत नव्हता, हे मला त्या क्षणीही ठाऊक होते. तरी बावीस वर्षे ते मनात राहिले आणि नको तिथे बाहेर पडले.

पुरात किल्ल्या पिराजीकडे होत्या. त्याची नोकरी गेली. त्याआधी तो माझ्या पायरीपाशी आला होता. वर चढला नाही. म्हणाला, "तात्या, तुमास्नी पितळ कळतंय. मला वळीखताय. सांगा की त्यास्नी." मी मशीन बंद न करता म्हणालो, "दिसलं ते लिहिलं." तो गेला. गल्लीने त्याच्याशी बोलणे टाकले. ज्या दुकानात तो रोज चहा प्यायचा, तिथे त्याचा कप वेगळा काढला म्हणे. सहा महिन्यांत तो बिद्रीला लेकीकडे राहायला गेला.

आता भाताचे. पुरानंतर आमच्या घरी रोज भात उरायला लागला. सहा माणसांना एक मापटे तांदूळ हे त्रिशलाचे कायमचे माप. कधी शीत उरले नव्हते. ती म्हणाली, "माझा हात वाढलाय का मापटं वाढलंय?" मी म्हणालो, तुझं वय वाढलंय. ती दहादा म्हणाली. एकदा चिडून मापटे माझ्यासमोर आपटले, "हातात तर घिऊन बघा!" मी पेपर वाचत होतो. उरलेला भात वाया घालवायचा नाही म्हणून ती दुपारी ताटलीत घालून अजबखान्याच्या दारात पिराजीला नेऊन द्यायची. नोकरी होती तोवर तो आमच्याकडचा भात खात होता.

ज्या मापट्याने घरात जन्मभर तांदूळ मोजला, ते मी पुरापूर्वी कधी हातात घेतले नव्हते. म्हणून माझे मला ओळखता आले नाही. गल्लीची भांडी बुडावरून ओळखणारा मी, स्वतःच्या चुलीपुढे आंधळा.

त्रिशला गेल्यावर, मार्च २०२३ मध्ये, रूपाली म्हणाली, मामंजी, आईंच्या भांड्यांवर आता तरी नाव घाला. मी पायरीवर बसलो. मापटे पालथे घातले, सुई टेकवली, पहिली उभी रेघ ओढली आणि थांबलो. सुईचा आवाज वेगळा आला. यंत्रावरचे पितळ किरकिरते, ठोकलेले पितळ घुमते. भिंग लावले. दातेरी सांधा, हाताने घडवलेला. दुष्काळी मापटे माझ्या मांडीवर होते आणि त्याच्या बुडावर माझ्या सुईची रेघ होती.

मी ते धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवले. घरात सांगितले, मापटे फुटले. तिथून आजवर दोन वर्षे आठ महिने झाले. रोज सकाळी ठरवले, आज जातो. रोज कारण निघाले. गुडघा, पाऊस, सोमवार, कारण सोमवारी अजबखाना बंद. खरे कारण, लाज. गल्ली माझ्या शब्दावर चालत आली, आणि तो शब्द खोटा निघाला हे जिवंतपणी बघवणार नव्हते. म्हणून मरणोत्तर सांगायचे ठरवले. तरी माझ्यानंतर पारसने माळ्यावरचे मापटे अजबखान्यात जमा करावे, आमचे परत घ्यावे आणि हे कलम साहेबांना वाचून दाखवावे.

कलम ६. दुकानाचा गाळा.

<s>पायरीलगतचा आठ बाय दहाचा गाळा पिराजी ज्ञानू पोवार, हल्ली मुक्काम बिद्री, यास कायमचा देतो.</s>

(हे कलम खोडले आहे. खोडल्यावर मी बाजूस सही केली आहे. कारण पुढे.)

कलम ७. क्रियाकर्म.

जसे त्रिशलाचे केले तसे. भाषणे नकोत. अजबखान्याकडून हार आला तर पाचवे कलम वाचून मगच घ्यावा.

पुरवणी.

वरील मजकूर मी सोमवारी पुरा करून साक्षीसाठी नृसिंह गुरुजींकडे नेला. आम्ही साठ वर्षांचे शेजारी. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला. म्हणाले, "तात्या, तुम्ही मेल्यावर खरं बोलणार. आणि तो आधी गेला तर? मी हे कुणाला वाचून दाखवू?" मला राग आला. मी म्हणालो, सही करायची तर करा, शाळा घेऊ नका. ते म्हणाले, "न्हाय करत." चार दिवस आम्ही बोललो नाही. भिंत एकच असल्याने ते खोकत होते तेवढे ऐकू येत होते. शुक्रवारी रात्री मीच भिंतीवर थाप मारून सांगितले, आधी बिद्रीला जाऊन येतो, मग रविवारी सही करा.

काल, शनिवारी, रुचिताला सर्व सांगितले. तिने लगेच गाडी काढली. बिद्रीत कारखाना सुरू झालेला, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडलेला. पिराजी लेकीच्या दारात खाटेवर बसला होता. मला बघून उठला. म्हणाला, "या तात्या." मी पाचवे कलम उभ्यानेच वाचले. तो बसा म्हणत होता, मी बसलो नाही. वाचून झाल्यावर त्याने एवढेच विचारले, "मापटं कुठं हाय?"

मी पिशवीतून काढून दिले. त्याने दोन्ही हातांत तोलले, पालथे केले, रेघेवरून अंगठा फिरवला. म्हणाला, "ही रेघ नवी हाय. बाकी आपलंच." लेकीने चहा आणला, तरी त्याने मापटे खाली ठेवले नाही; चहा निवला. मग म्हणाला, "बावीस वर्सं रोज पुसलंय म्या हे. पुरानंतर तुमी जे हातात दिलं, ते मला तवाच हलकं लागलं हुतं."

मी विचारले, मग बोलला का नाहीस?

म्हणाला, "तुमी दिलं हुतं न्हवं. म्हटलं, तात्यांनी दिलंय म्हंजी बरोबरच आसंल."

मी खाटेवर बसलो आणि रडलो. हे मृत्युपत्रात लिहायचे असते की नाही ठाऊक नाही. रुचिता साक्षीला आहे.

मग मी त्याला गाळ्याचे कलम वाचून दाखवले, आणि उद्या गुरुजींकडे सह्या आहेत हेही सांगितले. तो म्हणाला, सही मी करीन. आज सकाळी तो बिद्रीहून पहिल्या बसने आला. पाच वर्षांनी गल्लीत पाऊल ठेवले. गुरुजी म्हणाले, "पिराजी, ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. उद्या कुणी वाद काढेल. गाळा घे, न्हायतर सही कर." पिराजीने विचार केला नाही. म्हणाला, "गाळा नगो. त्या कागदावर तुमची सही हुती तात्या, ह्या कागदावर माझी ऱ्हाऊ दे." म्हणून सहावे कलम खोडले. गाळा रुचितास.

पाचव्या कलमाच्या शेवटी पारसला जे काम सांगितले आहे तेही रद्द. उद्या सोमवार. परवा, मंगळवारी, दार उघडताच मी आणि पिराजी दोघे मापटे घेऊन अजबखान्यात जाऊ. बोलेन मी. तिकिटे या वेळी मीच काढीन, दोघांचीही. ज्या चहाच्या दुकानात त्याचा कप वेगळा काढला, तिथे पाचवे कलम मी स्वतः मोठ्याने वाचेन. साहेब पोलिसात गेले तर जावोत.

आमचे मापटे परत मिळाल्यावर रुचिताने त्याच्या बुडावर नाव घालावे. 'सौ. त्रिशला तात्यासाहेब कासार.' खाली तारीख लग्नाची नको. पुराची घालावी. भातावरून तिला कळले होते.

एवढे लिहून, वाचून, समजून, सही केली.

ठिकाण: नृसिंह गुरुजींची ओसरी, अजबखाना गल्ली, कोल्हापूर.
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार.

(सही) तात्यासाहेब नेमगोंडा कासार

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही करत आहोत.

साक्षीदार १. (सही) नृसिंह गोविंद आजरेकर, निवृत्त शिक्षक, अजबखाना गल्ली.

साक्षीदार २. (सही) पिराजी ज्ञानू पोवार. गुरुजींनी 'शेतमजूर, बिद्री' असे लिहिले होते. त्याने ते खोडायला लावले आणि स्वतः सांगून लिहवून घेतले: पहारेकरी, वस्तुसंग्रहालय, अजबखाना गल्ली, कोल्हापूर.